लहानपणी छातीला रेडिएशन झालं होतं, २६ वर्षांनी एमआरआय कशाला?

शेवंती_८४ · मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार. इथे नऊ-दहा वर्षं नुसती वाचतेय, पाककृतींवर दोन-चार प्रतिसाद सोडले तर कधी काही लिहिलं नाही, तेव्हा धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

तर झालं असं की १९९९ साली दहावीत असताना मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. मानेत डाव्या बाजूला गाठ, आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, मग बायोप्सी झाली तेव्हा खरं काय ते कळलं. केमो झाली आणि नंतर महिनाभर मान, छाती, काखा अशी रेडिएशन. त्यानंतर मी ठणठणीत, दहावी एक वर्ष उशिरा दिली, पुढे नोकरी लग्न सगळं यथासांग. आता थायरॉइडसाठी नवीन डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी सगळी हिस्टरी ऐकून घेतली आणि थायरॉइड राहिला बाजूला, पहिला प्रश्न हा की ब्रेस्टचा एमआरआय शेवटचा कधी केलात. म्हटलं कधीच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

२६ वर्षांत मला हे कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. जिथे ट्रीटमेंट झाली तिथे पाच वर्षांनी "आता परत तोंड दाखवायचं नाही" म्हणून हसत पाठवलं होतं, आम्ही पेढे वाटले होते. आमच्या घरात आई, मावश्या, आत्या कुणालाच ब्रेस्ट कॅन्सर नाही.

माझा प्रश्न साधा आहे. मशीन बंद केलं की रेडिएशन संपलं, अंगात काही उरत नाही असं तेव्हा आईला समजावलं होतं. मग इतकी वर्षं माझ्या पेशी करत काय होत्या? नेटवर वाचायला गेले तर जीन ऑन होतात, ऑफ होतात, म्यूटेशन, अमुक तमुक, डोकं बधीर झालं. मराठीत कुणी सांगेल का?

निशिगंध · मंगळवार, रात्री ११:५८

शेवंती, आधी तुला एक घट्ट मिठी. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण इथे जाणकार आहेत, येतीलच सकाळी. झोप आता.

तात्या_ठाणे · बुधवार, सकाळी ६:१०

ताई एमआरआय म्हणजे पण रेडिएशनच की हो. एकदा भाजलं म्हणून परत चुलीत हात घालायचा का? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे, तीन बायकांना झाला. हे सगळं हॉस्पिटलवाल्यांचं चक्र आहे, आधी द्यायचं मग शोधायचं.

लिनॅकवाला · बुधवार, सकाळी ७:४५

तात्या, सकाळी सकाळी कशाला हो. एमआरआयमध्ये लोहचुंबक आणि रेडिओ लहरी असतात, एक्स-रे नसतात. डीएनए तुटायचा तर इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतका जोर त्या किरणात लागतो, तो एक्स-रेत, गॅमात असतो, एमआरआयमध्ये नाही आणि तुमच्या टॉवरमध्येही नाही. ५०-६० घरांच्या सोसायटीत तीन बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होणं, दुर्दैवाने, टॉवर नसतानाही होतं.

शेवंती ताई, मी १८ वर्षं रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. तुम्हाला जे दिलं त्याला मँटल फील्ड म्हणायचे. कोकणात पावसात डोक्यावरून इरलं घेतात ना, साधारण तसा आकार, जबड्यापासून खाली डायाफ्रामपर्यंत (छाती-पोटामधला पडदा) आणि दोन्ही काखा. फुप्फुसं वाचवायला मध्ये शिशासारख्या धातूचे ब्लॉक ठेवायचे, पण छातीच्या मधल्या पट्टीला लागून असलेला आणि काखेकडचा स्तनाचा भाग उघडाच राहायचा. आता हे असं देत नाहीत, जिथे गाठ होती तेवढ्याच भागाला आणि कमी डोस देतात. तेव्हा तेच बेस्ट होतं आणि त्यानेच तुम्ही बऱ्या झालात, हेही तितकंच खरं.

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. छातीला १० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) किंवा जास्त डोस लहान वयात मिळाला असेल तर २५ वर्षं वय झाल्यावर किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी मॅमोग्राम आणि एमआरआय, असं आता जगभरच्या गाइडलाइन्स सांगतात. तुमची जुनी फाईल आहे का? डोस किती, किती फ्रॅक्शन (म्हणजे किती वेळा विभागून दिला), केमोत कोणती औषधं, एवढं शोधा.

पेशींचं मी सांगत नाही, ते प्रयोगकाकूंचं खातं. काकू, हाक मारतोय.

प्रयोगकाकू · बुधवार, दुपारी २:२०

आले. कॉलेजात प्रॅक्टिकल होती.

शेवंती, मी ११ वर्षं मुंबईत रेडिएशन बायॉलॉजीच्या लॅबमध्ये काढली, आता शिकवते. तुझा प्रश्न भाबडा अजिबात नाहीये, लोकांनी त्यावर आख्खी आयुष्यं घातलीत. जमेल तसं सांगते, लांबलं तर माफ कर.

मशीन बंद केलं की संपलं हे खरं. किरण क्षणात येऊन जातो. मागे उरतं ते पेशीने त्यावर काय केलं ते. एका पेशीला १ ग्रे डोस मिळाला की तिच्या डीएनएच्या एका धाग्याला हजारेक ठिकाणी चिरा पडतात, आणि ३५-४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एकच धागा तुटला तर पेशी समोरचा बघून शिवून टाकते, ते रोजचंच काम आहे. दोन्ही तुटले की खरी पंचाईत.

हे मी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलंय. काचेच्या छोट्या चकत्यांवर पेशी वाढवायच्या, डबी कोबाल्टच्या मशीनमध्ये ठेवायची, टायमर लावायचा, बाहेर काढून अर्धा तास थांबून पेशी जागच्या जागी गोठवल्यासारख्या फिक्स करायच्या. मग एक अँटिबॉडी घालायची, ती जिथे डीएनए तुटलाय तिथल्या गॅमा एच-टू-एएक्स नावाच्या प्रोटीनला चिकटते आणि हिरवी चमकते. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला की निळ्या गोल केंद्रकात हिरवे ठिपके, काळ्याभोर आभाळात चांदण्या असाव्यात तसे. डोस न दिलेल्या पेशीत एखाद-दुसरा ठिपका, दिलेल्या पेशीत डझनांनी. हातातल्या काउंटरवर टकटक करत मोजायचे, दोनशे पेशी झाल्या की मान आखडायची. त्याच पेशी २४ तासांनी बघितल्या तर बहुतेक ठिपके गायब. म्हणजे शिवण झाली. पण काही पेशींत एक-दोन तसेच राहतात, आणि जे गायब झालेत ते नीटच शिवले गेले असतील असं नाही, टोकं उलटसुलट जोडली तरी ठिपका जातोच!

आता जीन ऑन-ऑफचं. तुटल्याची बातमी एटीएम नावाचं प्रोटीन पसरवतं (पैसे काढायचं नव्हे, तात्या). ते पी-५३ ला उठवतं. पी-५३ म्हणजे आमच्या वाड्यातली आजी समज, कुणी धडपडलं की सगळ्यांची कामं थांबवणार. ती उठली की काही तासांत पेशीत वेगवेगळ्या जीन्सचं काम वाढतं, पी-२१ पेशीचं विभाजन थांबवते, गॅड-४५ दुरुस्तीला लागते, नुकसान फारच असेल तर बॅक्स वगैरे मंडळी पेशीला मारूनच टाकतात, आणि एमडीएम-२ ही जीन पी-५३ लाच परत झोपवते. यातली गंमत बघ, एमसीएफ-७ नावाच्या स्तनाच्या कॅन्सरपेशी आहेत, त्यात एकेका पेशीत बघितलं तर पी-५३ नुसतं वाढून बसत नाही, साडेपाच-सहा तासांनी वर जातं खाली येतं, परत वर परत खाली. डोस वाढवला तर लाट उंच होत नाही, लाटांची संख्या वाढते. हे २००४ मध्ये इस्रायलच्या वाइझमनवाल्यांनी दाखवलं. जणू आजी दर थोड्या वेळाने उठून बघतेय, झालं का रे शिवून.

इथपर्यंत सगळं चांगलंच चाललंय, लक्षात घे. एवढ्या जीन्सची धावपळ म्हणजे कॅन्सर नाही, तो शरीराचा बंदोबस्त आहे. नेटवर "रेडिएशनने जीन्स बदलतात" असं वाचून घाबरायला होतं ते बहुतेक याबद्दलच असतं.

शेवंती_८४ · बुधवार, दुपारी ३:०५

काकू किती छान. पण मग शिवून झालं, आजी झोपली, विषय संपायला हवा ना? २६ वर्षं?

सोलापुरी_चादर · बुधवार, दुपारी ३:३०

काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचला, वाचनखूण साठवली. चांदण्यांचं वाचून अंगावर काटा आला.

प्रयोगकाकू · बुधवार, रात्री ९:१५

कुकर लावून बसलेय, शिट्ट्या मोजायची जबाबदारी नवऱ्यावर.

शेवंती, इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक तर तू विचारतेस ती, वर सांगितलेली चुकीची शिवण. ती एखाद्या पेशीत राहून गेली आणि ती पेशी पुढे विभागत राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या ती चूक जाते. हे सगळ्यांना माहीत असतं. पण एवढ्याने भागत नाही, कारण अशी चूक एकटी कॅन्सर करत नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आपल्या स्तनाच्या पेशींत पी-१६ नावाची एक ब्रेक लावणारी जीन असते. काही मोजक्या पेशींत ती जीन रासायनिक कुलूप लावून बंद झालेली असते, मेथिलेशन म्हणतात. जीन आहे जागेवर, अक्षरं तीच आहेत, नुसती वाचली जात नाही. रेडिएशनने हे कुलूप लागतं का असं लोक शोधत होते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या लॅबने बाईच्या स्तनाच्या साध्या पेशींवर डोस दिला, तर उत्तर भलतंच आलं. रेडिएशन कुलूप लावत नव्हतं. ते ब्रेक शाबूत असलेल्या पेशींना लवकर थांबवत होतं, थकवून निवृत्त करत होतं, आणि जागा मोकळी झाल्यावर आधीपासून कुलूप लागलेल्या पेशी पसरत होत्या.

सोलापुरी_चादर · बुधवार, रात्री ९:४०

काकू हे तर आमच्या रानात दर वर्षी होतं. तणनाशक मारलं की साधं तण मरतं आणि जे आधीपासून औषधाला दाद देत नव्हतं ते माजतं. औषधाने नवीन तण तयार केलं नाही, त्याला रान मोकळं करून दिलं. हेच ना?

प्रयोगकाकू · बुधवार, रात्री ९:५२

हेच. पुढच्या वर्षी वर्गात हेच उदाहरण देणार, तुमचं नाव न घेता.

तिसरी गोष्ट, रानाची मातीच बदलते. पेशी एकटी नसते, भोवती आधार देणाऱ्या पेशी, चरबी, तंतू, सगळा शेजार असतो. मेरी हेलन बार्सेलोस-हॉफ नावाच्या बाई आहेत, त्यांनी यावर उभं आयुष्य घातलं. त्यांचा प्रयोग ऐक. उंदराच्या पिल्लाची स्तनग्रंथी वाढायच्या आधीच काढून टाकायची, फक्त चरबीची गादी ठेवायची. ते उंदीर मोठे झाले की त्यांना थोडा डोस द्यायचा, काहींना तर नुसता ०.१ ग्रे. तीन दिवसांनी त्या गादीत दुसऱ्या उंदराची स्तनग्रंथी लावायची, जिच्यात पी-५३ नाही, पण जिला रेडिएशन कधी लागलेलंच नाही. म्हणजे बी कोरं, जमीन भाजलेली. तर गाठी लवकर आल्या, आणि त्यात इस्ट्रोजेन या हार्मोनला दाद न देणाऱ्या गाठींचं प्रमाण जास्त. २०११ ला आलं हे काम. मध्यस्थ कोण तर टीजीएफ-बीटा नावाचा निरोप्या. तो शेजारात कायम सुप्तावस्थेत पडून असतो, रेडिएशनने जागा होतो आणि आजूबाजूच्या पेशींत कुठल्या जीन्स किती चालायच्या ते बदलून टाकतो. ज्या उंदरांत तो निम्माच होता त्यांच्यात गाठी लवकर यायचा प्रकार दिसला नाही.

म्हणून "पेशी २६ वर्षं करत काय होत्या" याचं माझं उत्तर असं, की त्या गप्प बसून नव्हत्या पण कॅन्सरही बनवत नव्हत्या. शेजार थोडा बदलला, कोण जगलं कोण थांबलं याचा हिशेब थोडा बदलला, आणि त्यावर दर महिन्याची हार्मोन्सची ये-जा चालू राहिली. तुझ्या बाबतीत वय हा मोठा मुद्दा. १५ व्या वर्षी ग्रंथी नुकती फांद्या काढत असते, टोकाच्या कळ्यांमध्ये विभाजन जोरात चालू असतं. तेव्हाची चूक पुढे किती पेशींत वाटली जाते याचा विचार कर.

तात्या_ठाणे · गुरुवार, सकाळी ६:०५

उंदराचं माणसाला लागू होतं कशावरून. आणि केरळात समुद्राच्या वाळूत रेडिएशन आहे, तिथले लोक नाही मरत.

हिरोशिमाकर · गुरुवार, सकाळी ९:३०

माणसाचं मी सांगतो. नोकरीनिमित्त चार वर्षं हिरोशिमात होतो. शहरात हिजियामा नावाची टेकडी आहे, वसंतात साकुरा बघायला गर्दी असते, आणि वर अर्धगोल छपरांच्या बराकीसारख्या लांबट इमारती, तिथे बॉम्बमधून वाचलेल्यांचा अभ्यास चालायचा. १९४७ ला अमेरिकनांनी सुरू केला, १९७५ पासून जपान-अमेरिका दोघांची संस्था. सुमारे १ लाख २० हजार लोकांची यादी, त्यात स्फोटाच्या वेळी शहरात नसलेलेही तुलनेसाठी घेतलेत. कोण कुठल्या गल्लीत, घरात की रस्त्यावर, भिंत कशाची, यावरून प्रत्येकाचा डोस काढला.

त्यात स्तनाच्या कॅन्सरचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत चढतो, डोस जास्त तितका धोका जास्त. आणि काकू म्हणतायत तेच, १९४५ मध्ये ज्या मुली वीस वर्षांच्या आतल्या होत्या त्यांना सगळ्यात जास्त. दहा वर्षांच्या आतल्या मुलींनाही, म्हणजे ज्यांच्या स्तनांची वाढ सुरूही झाली नव्हती! आणि त्यांना कॅन्सर झाला तो लगेच नाही, मोठेपणी, बायकांना एरवी ज्या वयात होतो त्या वयात, काहींना थोडा आधी. नंतर नागासाकीच्या डॉक्टरांनी जपून ठेवलेल्या गाठी तपासल्या, तर स्फोटाच्या जवळ असलेल्या बायकांच्या गाठींत हर-२ आणि मिक या पेशींची वाढ जोरात करणाऱ्या जीन्सच्या जादा प्रती जास्त वेळा सापडल्या. २००८ चं काम आहे ते.

केरळचं करुनागप्पल्लीचं म्हणताय ना तात्या, मोनाझाइटची वाळू, थोरियम. तिथे जवळजवळ ७० हजार लोकांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, कॅन्सर जास्त आढळला नाही. पण तो डोस वर्षभर थेंब थेंब मिळतो. बॉम्बचा एका क्षणात. पावसाळाभर रिमझिम झालेलं पाणी आणि धरण फुटून आलेलं पाणी, लिटर सारखे असले तरी गाव एकानेच वाहून जातं.

लिनॅकवाला · गुरुवार, सकाळी १०:१५

यात कॅनडाची गोष्ट घालतो, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितली होती. नोव्हा स्कोशियात मॅकेंझी नावाच्या डॉक्टरांकडे ब्रेस्ट कॅन्सरची एक बाई आली, तिच्या छातीची कातडी रेडिएशन झाल्यासारखी दिसत होती. रेडिएशन तर घेतलेलं नाही म्हणाली. खोदून विचारलं तर कळलं, तरुणपणी टीबी होता, सॅनेटोरियममध्ये फुप्फुसाला विश्रांती म्हणून छातीत हवा भरायचे, आणि हवा भरली का ते दर वेळी एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं करून बघायचे. असं दोनशेहून जास्त वेळा. डॉक्टरांनी जुने रजिस्टर काढले. पडद्यासमोर उभ्या केलेल्या २७१ बायकांत १३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर, न केलेल्या ५१० मध्ये एकीला. १९६५ ला छापलं. नंतर असंही कळलं की त्या प्रांतात बायकांना मशीनकडे तोंड करून उभं करायचे, बाकी ठिकाणी पाठ करून. नुसतं उभं राहायची दिशा बदलल्याने स्तनाला मिळणारा डोस कित्येक पटींनी बदलला.

निशिगंध · गुरुवार, दुपारी १२:००

अगं बाई. माझ्या पणजीच्या तोंडी "हवा भरायला न्यायचे" हा शब्द होता, आम्हाला वाटायचं म्हातारी काहीतरी बडबडतेय.

मुग्धा_नाशिक · गुरुवार, दुपारी १:२५

हा धागा वाचून माझे हातपाय गार पडलेत. माझ्या सासूबाईंचं, वय ६२, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय आणि सोमवारपासून १५ रेडिएशन सुरू होणारेत. नको म्हणू का आता? त्या स्वतःच आधीपासून नको म्हणतायत, मीच समजावून तयार केलंय.

लिनॅकवाला · गुरुवार, दुपारी १:४०

नको म्हणू नका!! याच्यासाठीच मला भीती होती या धाग्याची.

तुमच्या सासूबाईंचं गणित पूर्ण वेगळं आहे. गाठ काढून स्तन ठेवला आणि रेडिएशन दिलं तर १० वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर येतं, हे हजारो बायकांच्या एकत्रित आकडेवारीतून आलंय. दुसऱ्या स्तनाला जो थोडा डोस उडून लागतो त्याचाही अभ्यास झालाय. चाळिशीच्या आतल्या बायकांत, दुसऱ्या स्तनाला १ ग्रेपेक्षा जास्त लागला असेल तर तिथे नवीन कॅन्सरचा धोका अडीच पट दिसला. चाळिशीच्या पुढे वाढ दिसली नाही. साठीनंतर ग्रंथी जवळजवळ विरलेली असते, विभाजन मंद, आणि रेडिएशनने कॅन्सर व्हायला जी दहा-वीस-तीस वर्षं लागतात ती तर वेगळीच.

बहुतेक ४० ग्रे १५ दिवसांत विभागून देतील, शनिवार-रविवार सुट्टी. डावी बाजू असल्याने श्वास आत धरून ठेवायला शिकवतील, त्याने हृदय बीमपासून लांब जातं. घरी आत्तापासून २० सेकंद श्वास धरायची सवय करून घ्या, टेबलावर उपयोग होतो. पहिल्या दिवशी वेळ लागेल, नंतर टेबलावरची दहा-पंधरा मिनिटं. सैल सुती झंपर घालून या म्हणावं.

मुग्धा_नाशिक · गुरुवार, दुपारी १:५५

दादा खूप खूप आभार. प्रिंट काढून त्यांना वाचायला देते, श्वासाचं विशेष आवडेल, प्राणायामवाल्या आहेत.

ऋतुजा_के · गुरुवार, संध्या. ६:३०

काकू, मला ब्राका-१ चं म्यूटेशन आहे (ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणारं), वय २७. माझ्या पेशींत शिवण आधीच कच्ची ना? मग एक्स-रे काढायचाच नाही का?

प्रयोगकाकू · गुरुवार, रात्री ८:१०

ऋतुजा, हो, ब्राका-१ आणि ब्राका-२ दोन्ही त्या अवघड शिवणीतल्याच जीन्स, दोन्ही धागे तुटले की जुळी प्रत शोधून तिच्यावरून बेतून शिवायचं काम त्यांच्याकडे. तुझ्या प्रत्येक पेशीत एक प्रत अजून चांगली आहे, म्हणून रोजचं भागतं. युरोपातल्या अभ्यासात, २०१२ चा, अशा बायकांना तिशीच्या आत छातीच्या एक्स-रे, सीटी वगैरे तपासण्या झाल्या असतील तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. म्हणून तुझ्या वयात तपासणी एमआरआयने करतात, मॅमोग्राम साधारण तिशीनंतर जोडतात. पाय मोडला तर पायाचा एक्स-रे खुशाल काढ, गरज असेल तर छातीचाही काढ, फक्त समोरच्याला ब्राका सांग आणि एमआरआय किंवा सोनोग्राफीने चालेल का विचार. एकट्या नेहमीच्या एक्स-रेला घाबरून न्यूमोनिया अंगावर काढू नको.

जन्मतः पी-५३ च बिघडलेली कुटुंबं असतात, ली-फ्राउमेनी म्हणतात, तिथे मात्र डॉक्टर रेडिएशन शक्य तितकं टाळतात. आजीच नाही घरात.

शेवंती_८४ · रविवार, सकाळी ११:२०

फाईल सापडली! आईच्या गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या खाली, पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. आईने माझ्या दहावीच्या मार्कशीटबरोबर ठेवली होती. हाताने लिहिलेलं कार्ड आहे, मँटल, कोबाल्ट, ३६ ग्रे, २० फ्रॅक्शन. केमो कॉप आणि एबीव्हीडी आलटून पालटून.

कार्डावर माणसाचा छापील आकार आहे आणि त्यावर पेनने तीन टिंबं. तेव्हा खुणेसाठी गोंदलेली ती टिंबं माझ्या अंगावर अजून आहेत, गळपट्टीच्या हाडाखालचं निळसर टिंब. नवऱ्याला लग्नात तीळ म्हणून सांगितलं होतं.

अजून एक, माझी पाळी ३७ व्या वर्षीच थांबली. तेव्हा फार रडले होते. याचा काही संबंध आहे का? गायनॅक हार्मोनच्या गोळ्या घे म्हणत होत्या, त्या घेतल्या नाहीत.

प्रयोगकाकू · रविवार, दुपारी १२:४५

शेवंती, आहे संबंध. कॉपमधली प्रोकार्बाझिन आणि सायक्लोफॉस्फामाइड अंडाशय लवकर थकवतात, पाळी लवकर जायचं ते कारण असू शकतं. आणि आता ऐक. तुझ्यासारख्याच, हॉजकिन्ससाठी तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या बायकांचा २००३ मध्ये मोठा अभ्यास आला. स्तनाला ४ ग्रे किंवा जास्त डोस असलेल्यांना धोका तिपटीहून थोडा जास्त, ४० ग्रेच्या वर गेलेल्यांना आठपट. पण ज्यांना अशी केमो झाली होती किंवा अंडाशयालाही रेडिएशन लागलं होतं, त्यांच्यात धोका बराच कमी. म्हणजे माती बदललेली, बी पडलेलं, पण पाणी तोडलं गेलं. इस्ट्रोजेन हे ते पाणी. तू ज्याच्यासाठी रडलीस त्यानेच बहुधा तुला थोडी वर्षं राखलं. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला ठरवता येत नाही.

धोका कमी झाला म्हणजे गेला असं नाही, ३६ ग्रे हा भरपूर डोस आहे, एमआरआय करच. आणि हार्मोनच्या गोळ्यांचा विषय या कार्डासकट नव्या डॉक्टरांसमोर ठेव, हाडांचं आणि हृदयाचंही बघावं लागतं, ते आम्ही धाग्यावर ठरवायचं नाही.

लिनॅकवाला · रविवार, दुपारी १:१०

कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून मेलवर टाका, मूळ कार्ड परत पैठणीखाली. थायरॉइडचंही कारण बहुधा तेच हो, मान फील्डमध्ये होती.

शेवंती_८४ · पुढच्या शुक्रवारी, रात्री १०:०५

झाला एमआरआय. कुणी सांगितलंच नव्हतं की पालथं झोपवतात, खाली दोन खळगे असतात. पाऊण तास नुसती खडखड, कुणी रिकामी कढई काँक्रीटवर ओढतंय असं. मध्ये हातात गार काहीतरी सोडतात, तो रंग. मी मनात मारुतीस्तोत्र म्हणत होते, चार वेळा झालं.

रिपोर्ट आला, बिरॅड्स २. रेडिओलॉजिस्ट म्हणाले साधी गाठ, काही नाही. सहा महिन्यांनी मॅमोग्राम, मग परत एमआरआय, असं आलटून पालटून.

निशिगंध · शुक्रवार, रात्री १०:०७

हुश्श!! पेढे.

सोलापुरी_चादर · शुक्रवार, रात्री १०:३०

यावेळी पेढे वाटताना पुढची तारीख पण लिहून ठेवा ताई.

तात्या_ठाणे · शनिवार, सकाळी ६:००

ताई अभिनंदन. माझ्या पुतणीला २००६ मध्ये हेच झालं होतं, तेरा वर्षांची होती. आता बंगळूरला असते. काल रात्री तिला हा धागा पाठवला. तिची फाईल भावाच्या घरी पुराच्या वेळी भिजून गेली आणि जिथे दिलं ते हॉस्पिटल आता तिथे नाही. डोस कसा कळणार?

लिनॅकवाला · शनिवार, सकाळी ८:२०

तात्या, फाईल नसली तरी अडत नाही. छातीला रेडिएशन झालंय एवढं नक्की असेल तर जास्त डोस धरूनच चालायचं. तेराव्या वर्षी २००६, म्हणजे आता तिशी ओलांडली, तपासणी सुरू व्हायलाच हवी होती. अंगावर टिंबं आहेत का बघायला सांगा, त्यावरून फील्ड कुठवर होतं त्याचा अंदाज येतो. केमो दुसरीकडे झाली असेल तर तिथल्या डिस्चार्ज कार्डावर रेडिएशनची एक ओळ असते बऱ्याचदा. आणि वहिनींना विचारा, आयांनी कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं.

तात्या_ठाणे · शनिवार, सकाळी ८:४१

वहिनीला फोन लावला. डायरी आहे म्हणाली, रोजचं लिहायची. दुपारी जातो.